विश्वाची सुरुवात खरंच एका बिंदूतून झाली का? मुलांना काय सांगू?

कुकडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या जुन्नर तालुक्यात मी आणि दोन मित्र मिळून दर अमावस्येच्या आसपास आकाशदर्शन घेतो. सहा इंची दुर्बीण, शाळेचं पटांगण आणि आठवी ते दहावीची चाळीसेक पोरं. गेल्या वेळी ढग आले, म्हणून नुसत्या गप्पा मारल्या. मी नेहमीसारखं सांगितलं, "१३८० कोटी वर्षांपूर्वी सगळं विश्व एका बिंदूत सामावलेलं होतं, तो बिंदू फुटला आणि हे सगळं झालं." नववीतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, तो बिंदू इथून कुठल्या दिशेला होता?"

मी म्हणालो, दिशा नव्हतीच, कारण जागाच नव्हती. ती खाली बसली, पण पटलेलं नव्हतं हे दिसत होतं. मलाही पटलेलं नव्हतं. त्या रात्रीपासून वाचत बसलोय. इतकी वर्षं मी जे वाक्य पोरांना सांगत आलो ते कधी तपासलंच नव्हतं, याची फार रुखरुख लागली आहे.

माझं आत्ताचं मत असं: विश्व एके काळी फार तप्त आणि दाट होतं हे पक्कं आहे, पण 'बिंदूतून सुरुवात' म्हणजे ज्याला सिंग्युलॅरिटी (अनंत घनतेची अवस्था) म्हणतात ती खरंच घडली, असं कुणी दाखवलेलं नाही. पुढचं आकाशदर्शन तीन आठवड्यांनी आहे. त्या मुलीला बरोबर उत्तर द्यायचं आहे. चुकत असेन तर सांगा.

शून्यप्रहर

वाचतेय. पहिल्या बाकावर जागा धरली आहे.

अणुरेणू

कुकडीकाठ, मी असहमत. कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. हॉकिंग आणि पेनरोज यांनी १९७० साली सिंग्युलॅरिटी गणिताने सिद्ध केली आहे. सापेक्षता सिद्धांत खरा मानला आणि विश्व प्रसरण पावतंय हे मानलं, की मागे जाताना सिंग्युलॅरिटी टळत नाही. पेनरोजना २०२० साली त्याबद्दल नोबेलही मिळालं. मग "कुणी दाखवलेलं नाही" कसं म्हणता? पोरांच्या डोक्यात उगाच शंका भरू नका.

ताळेबंद

मी हिशेबाचा माणूस, विज्ञान दहावीपर्यंतचं. पण आमच्याकडे एखाद्या सूत्रात भाजक शून्य झाला की संगणक एरर दाखवतो. त्याचा अर्थ कंपनीकडे अनंत पैसे आहेत असा कुणी काढत नाही. सूत्र तिथे चालत नाही, एवढाच अर्थ. सिंग्युलॅरिटी म्हणजे असंच काही का?

तिमिरभेदी

ताळेबंद, अगदी असंच. थोडं सविस्तर लिहितो, कारण सापेक्षता हा माझा अभ्यासाचा विषय आहे आणि अणुरेणू सरांचा मुद्दा एका वाक्यात उडवण्यासारखा नाही.

या सिद्धतेचं मूळ कोलकात्यात आहे. अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ साली 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये एक समीकरण मांडलं. पदार्थाच्या किंवा प्रकाशाच्या अनेक वाटा शेजारी शेजारी चालल्या आहेत अशी कल्पना करा. गुरुत्वाकर्षण त्यांना एकमेकांकडे ओढत राहिलं तर त्या किती काळात एकत्र येतील, हे ते समीकरण सांगतं. त्याआधी लोकांना वाटायचं, की फ्रीडमन (१९२२) आणि लमेत्र यांनी मांडलेल्या प्रसरण पावणाऱ्या विश्वात अनंत घनता येते ती त्यांनी विश्व अगदी सारखं, गुळगुळीत धरलं म्हणून. खरं विश्व ओबडधोबड आहे, त्यात मागे जाताना सगळं एकमेकांना चुकवून निघून जाईल. रायचौधुरींनी दाखवलं की वेडंवाकडं विश्व धरल्यानेच काही सुटका होत नाही. पेनरोजने १९६५ साली हा धागा कोसळणाऱ्या ताऱ्यांसाठी वापरला. हॉकिंगने काळाची दिशा उलटी करून तोच विचार विश्वाला लावला आणि १९७० साली दोघांनी मिळून मोठा सिद्धांत मांडला.

पण सर, त्या सिद्धांताला अटी आहेत. मुख्य अट ही, की गुरुत्वाकर्षण नेहमी ओढणारंच असलं पाहिजे. १९९८ साली दूरच्या अतिनवताऱ्यांवरून (सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होणारे तारे) कळलं की विश्वाचं प्रसरण वेग घेतंय, म्हणजे ती अट आजच्या विश्वातही मोडते. अगदी सुरुवातीला गुथने मांडलेला फुगवट्याचा काळ (इन्फ्लेशन, म्हणजे क्षणार्धातलं अतिवेगवान प्रसरण) खरा असेल तर तिथेही मोडते. दुसरं असं, की हा सिद्धांत 'बिंदू होता' असं म्हणतच नाही. तो म्हणतो, काही वाटा मागे नेल्या तर मर्यादित काळातच संपतात, पुढे नेता येत नाहीत. रस्ता का संपतो, तिथे काय आहे, याबद्दल तो गप्प आहे. आणि तिसरं, सगळा हिशेब पुंजवाद (अतिसूक्ष्म जगाचे नियम सांगणारा क्वांटम सिद्धांत) बाजूला ठेवून केलेला आहे. जिथे सगळं अणूहून लहान जागेत येतं तिथे पुंजवाद बाजूला ठेवून कसं चालेल? स्वतः हॉकिंगने १९८३ साली हार्टलबरोबर पुंजवाद धरून विश्वाचं असं चित्र मांडलं, ज्याला सुरुवातीची कडाच नाही.

आणि पेनरोजचं नोबेल कृष्णविवरांबद्दल होतं, विश्वाच्या सुरुवातीबद्दल नाही.

अणुरेणू

नोबेलबद्दल तुमचं बरोबर, मी घाईत लिहिलं. पण अटींचा मुद्दा मी मान्य केला तरी बोर्ड, गुथ आणि व्हिलेनकिन यांचा २००३ चा सिद्धांत आहे. त्यात गुरुत्वाकर्षणाची अटच लागत नाही. सरासरीने प्रसरण पावत आलेलं कुठलंही विश्व भूतकाळात अनंत असू शकत नाही, असं तो म्हणतो. म्हणजे सुरुवात आहेच.

तिमिरभेदी

हा चांगला मुद्दा आहे. तो सिद्धांत सांगतो की प्रसरणाचा काळ मागे अनंत ताणता येत नाही. त्याआधी आकुंचन असेल किंवा वेगळंच काही असेल, तर ती वाट तो बंद करत नाही. 'प्रसरणाला सुरुवात' आणि 'सगळ्याला सुरुवात' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवूया.

मेथीदाणा

मोठ्या लोकांच्या चर्चेत स्वयंपाकघरातून एक. मुलीच्या 'कुठल्या दिशेला' या प्रश्नाला मी इडलीचं पीठ दाखवीन. रात्री भिजवून ठेवलेलं पीठ सकाळी वर येतं, ते मधल्या एका ठिकाणाहून फुगत नाही, सगळीकडून फुगतं. पिठात चार मेथीदाणे टाका, प्रत्येक दाण्याला वाटेल बाकीचे आपल्यापासून लांब चाललेत आणि आपणच मध्यभागी आहोत. दादा, खरंच पातेलं घेऊन जा, पोरं विसरणार नाहीत.

तिमिरभेदी

मेथीदाणा ताई, फार छान. फक्त एक जोडा: पातेल्याला काठ आहे, विश्वाला तसा काठ सापडलेला नाही. कदाचित ते अनंत असेल. अनंत असेल तर ते तेव्हाही अनंतच होतं, फक्त दाट होतं. आकडे सांगतो म्हणजे 'बिंदू' शब्दाची अडचण कळेल. आज आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाची त्रिज्या सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षं. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं होतं तेव्हा याच भागाची त्रिज्या सुमारे ४.२ कोटी प्रकाशवर्षं होती. एका सेकंदाचं होतं तेव्हा दहाएक प्रकाशवर्षं. एका सेकंदाला दहा प्रकाशवर्षं, याला बिंदू कोण म्हणेल? आणि हा फक्त दिसणारा तुकडा.

शून्यप्रहर

थांबा, एका सेकंदात दहा प्रकाशवर्षं? मग प्रकाशाच्या वेगाची मर्यादा?

तिमिरभेदी

ती जागेतून धावणाऱ्यासाठी. जागाच ताणली जाते तेव्हा दोन दाण्यांमधलं अंतर कितीही वेगाने वाढू शकतं. दाणा पिठातून पळत नाही.

पहाटवाचक

हे सगळं कशाला? जेम्स वेब दुर्बिणीने बिग बँग खोटा ठरवलाय, असा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कालच आला.

तिमिरभेदी

पहाटवाचक काका, तो मेसेज पुढे पाठवू नका, कळकळीची विनंती. जेम्स वेबने अपेक्षेपेक्षा लवकर तयार झालेल्या, अपेक्षेपेक्षा तेजस्वी दीर्घिका दाखवल्या. २०२४ साली जाहीर झालेली एक तर विश्व सुमारे २९ कोटी वर्षांचं असतानाची आहे. त्यामुळे पहिल्या दीर्घिका इतक्या झटपट कशा बनल्या हा खरा प्रश्न उभा राहिला. विश्व तप्त आणि दाट होतं याला त्याने धक्का लागलेला नाही.

अणुरेणू

इथे मी तिमिरभेदींच्या बाजूने. तप्त अवस्थेचे पुरावे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. विश्वातल्या साध्या पदार्थाच्या वस्तुमानात सुमारे पाव हिस्सा हेलियम. तारे एवढं बनवू शकत नाहीत, पहिल्या काही मिनिटांतल्या भट्टीचा हिशेब मात्र बरोबर जुळतो. आणि दुसरं पार्श्वप्रारण, म्हणजे त्या तप्त अवस्थेतला, आजही सगळ्या आकाशातून येणारा प्रकाश.

खोडदकर

पार्श्वप्रारण म्हटल्यावर राहवत नाही. आमचं शेत जीएमआरटीच्या, म्हणजे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या डिशांच्या शेजारी. ४५ मीटरच्या ३० डिश, लहानपणापासून बघतोय. विज्ञान दिनाला आत सोडतात तेव्हा दरवर्षी जातो. तिथल्या एका शास्त्रज्ञ मॅडमनी सांगितलेलं कायमचं लक्षात राहिलं. जुन्या टीव्हीचा अँटेना हलला की पडद्यावर मुंग्या यायच्या ना? त्यातली शंभरातली एखादी मुंगी विश्वाच्या बालपणीच्या प्रकाशाची. तेव्हापासून घरातला तो जुना टीव्ही भंगारात द्यायला मी आईला नाही म्हणतोय.

कुकडीकाठ, तुम्ही आमच्या शेजारचे निघालात. पोरांना घेऊन या. २०२३ साली इथल्याच दुर्बिणीने ८८० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संकेत पकडल्याची बातमी होती.

मेथीदाणा

तो टीव्ही अजिबात देऊ नका! कबुतरांची गोष्ट पण सांगा कुणीतरी.

अणुरेणू

सांगतो. १९६४ साली न्यू जर्सीत होल्मडेल इथे पेंझियास आणि विल्सन एका मोठ्या कर्ण्यासारख्या अँटेनावर काम करत होते. कुठल्याही दिशेला वळवली तरी एकसारखी खरखर. आत कबुतरांनी घरटं केलं होतं, ती हाकलली, विष्ठा घासून साफ केली, तरी खरखर तशीच. ती होती सगळ्या आकाशातून येणारी, आज मोजलेल्या आकड्यात २.७२५ केल्विनची ऊब. आत्ता तुमच्या खोलीत दर घन सेंटिमीटरमध्ये त्याचे सुमारे ४१० फोटॉन (प्रकाशकण) आहेत. पेंझियास आणि विल्सनना १९७८ साली नोबेल मिळालं. पण हा प्रकाश ३ लाख ८० हजार वर्षांच्या विश्वाचा. त्यापलीकडचं प्रकाशाने दिसत नाही, हे मीही मान्य करतो.

गोदातीर

धाग्यावर जयंत नारळीकरांचं नाव अजून कसं आलं नाही? कोल्हापुरात जन्मलेल्या या माणसाने आयुष्यभर हाच प्रश्न विचारला: सगळं विश्व एका क्षणी शून्यातून आलं असं म्हणताना तुम्ही पदार्थविज्ञानाचे नियम बाजूला का ठेवता? हॉईल, बाँडी, गोल्ड यांचा स्थिर स्थितीचा सिद्धांत (विश्वाला सुरुवातच नाही, ते कायम सारखंच असतं) १९४८ चा. १९६० च्या दशकात नारळीकरांनी हॉईलबरोबर तो गणितात पुढे नेला. २० मे २०२५ ला ते पुण्यात गेले तेव्हा मी खूप अस्वस्थ झालो होतो. शाळेत असताना त्यांचं भाषण ऐकलं म्हणून मी विज्ञानाकडे वळलो. बिग बँगवाल्यांनी त्यांना कधी न्याय दिला नाही, असं मला वाटतं.

अणुरेणू

गोदातीर, आदर पूर्ण आहे. पण पार्श्वप्रारण सापडल्यावर स्थिर स्थितीचा मूळ सिद्धांत टिकला नाही. १९९३ साली हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी तो सुधारून मांडला. ताऱ्यांचा प्रकाश अवकाशातल्या लोखंडाच्या सूक्ष्म सुयांनी शोषून पार्श्वप्रारण तयार होतं असा त्यांचा विचार होता. पुढे उपग्रहांनी त्या प्रारणातले इतके बारीक चढउतार मोजले की बहुतेक सगळ्यांना तप्त सुरुवातीचंच चित्र जुळतं असं दिसलं. माणूस मोठा होता म्हणून सिद्धांत खरा होत नाही.

तिमिरभेदी

दोघांचंही पटतं. सिद्धांत मागे पडला हे खरं. पण सिंग्युलॅरिटीवरचा त्यांचा आक्षेप आज मुख्य प्रवाहातलेच लोक घेतात. 'बिग बँग' हे नावही हॉईलनेच १९४९ साली बीबीसी रेडिओवर दिलं, तेही विरोध करताना.

ऋचा

ऋग्वेदातलं नासदीय सूक्त आठवलं. "को अद्धा वेद क इह प्र वोचत्", खरं कोण जाणतो, इथे कोण सांगेल? हे विज्ञान आहे असा माझा दावा नाही. पण दहाव्या मंडलातला तो कवी शेवटी 'कदाचित त्यालाही ठाऊक नसेल' म्हणून थांबतो, ते मला फार प्रामाणिक वाटतं.

अणुरेणू

ऋचा ताई, इतपत ठीक. फक्त आपल्या पूर्वजांना बिग बँग माहीत होता, इथवर कुणी नेऊ नये. असं तिकडेही झालं. बिग बँगचं बीज रोवणारा लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी त्या सिद्धांतात सृष्टीच्या निर्मितीचा पुरावा पाहिला, तेव्हा लमेत्रलाच ते आवडलं नाही. श्रद्धा आणि शास्त्र त्याने वेगळं ठेवलं.

वाईकर

उशिरा आलो, सगळं वाचलं. कुकडीकाठ, तुमच्या पोरांसाठी एक सांगतो. आमच्याकडे कृष्णा महाबळेश्वरला गोमुखातून पडते. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचं पाणी एकाच दगडी गोमुखातून येतं. लहानपणी मला वाटायचं, कृष्णा तिथे जन्मते. आजोबा पाटबंधाऱ्यात होते, ते एकदा पावसात मला वरच्या पठारावर घेऊन गेले. सगळ्या जांभ्या दगडात पाणी मुरत होतं, कुठल्या थेंबापाशी नदी सुरू झाली म्हणणार? आजोबा म्हणाले, गोमुख म्हणजे पाणी आपल्याला दिसायला लागतं ती जागा.

तुमचा तो बिंदू मला गोमुखासारखा वाटतो.

शून्यप्रहर

वाईकर, अंगावर काटा आला.

तिमिरभेदी

वाईकरांचं वाचून अभय अष्टेकरांचं काम आठवलं. शिरपूरला जन्मलेले हे आपले शास्त्रज्ञ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतात. गुरुत्वाकर्षणाला पुंजवादाची भाषा देण्यासाठी त्यांनी १९८६ साली नवी चलपदं मांडली, त्यातून लूप पुंजगुरुत्व उभं राहिलं. बोजोवाल्डने २००१ साली त्या पद्धतीने विश्वाची सुरुवात तपासली तर अनंत घनता येईना. २००६ साली अष्टेकर, पाव्लोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी तो हिशेब नीट पूर्ण केला. मागे जात राहिलं तर घनता वाढत जाते, पण एका मर्यादेला, प्लँक घनतेच्या साधारण ४१ टक्क्यांना, गुरुत्वाकर्षण ढकलायला लागतं. प्लँक घनता म्हणजे घन सेंटिमीटरला साधारण ५ वर ९३ शून्यं इतके ग्रॅम, म्हणजे प्रचंड, पण अनंत नव्हे. त्यापलीकडे त्यांच्या गणितात आकुंचन पावणारं आधीचं विश्व येतं. सिंग्युलॅरिटीच्या जागी उसळी.

हे सिद्ध झालेलं नाही. सोप्या, सारख्या विश्वासाठी केलेला हिशेब आहे आणि निरीक्षणाचा आधार अजून नाही. पण समीकरण फुटतं तिथे विश्वही सुरू झालंच पाहिजे, असं नाही, हे त्याने आकड्यांत दाखवलं.

अणुरेणू

हे नीट वाचलं. आता माझं मत असं लिहितो: सापेक्षता सिद्धांत सिंग्युलॅरिटी सांगतो, आणि तिथे तो स्वतःच अपुरा पडतो. मी वर्गात पहिलं वाक्य सांगत होतो, दुसरं नाही. यापुढे दोन्ही सांगेन.

गोदातीर

अवांतर: सिंग्युलॅरिटीला मराठी शब्द काय घ्यावा? 'बिंदू' म्हटलं की सगळा घोटाळा सुरू होतो. 'महास्फोट'सुद्धा तसाच, ऐकताक्षणी दिवाळीतला सुतळी बॉम्ब डोळ्यांसमोर येतो.

ताळेबंद

'गणिताची हद्द' म्हणा.

मेथीदाणा

ताळेबंद, हा चांगला आहे. 'महास्फोट'ऐवजी 'महाविस्तार' चालेल?

वाईकर

'हद्द' मला आवडला. गावाची हद्द संपली म्हणून जमीन संपत नाही.

कुकडीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, काल आकाशदर्शन झालं. आकाश स्वच्छ होतं, पण पहिला तास दुर्बिणीला हात लावला नाही. मेथीदाणा ताईंचं पातेलं नेलं, सकाळची आणि संध्याकाळची खूण करून. खोडदकरांनी जुना टीव्ही स्वतः टेम्पोत घालून आणला, शाळेच्या वीजजोडणीवर लावला आणि मुंग्या दाखवल्या. चाळीस पोरं मुंग्यांकडे इतकी शांत बसून बघतील असं वाटलं नव्हतं.

मग मी त्या मुलीला उभं केलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. बिंदू कुठल्याच दिशेला नाही. विश्व सगळीकडेच दाट आणि तप्त होतं, जिथे तू उभी आहेस तिथेही. आपलं गणित मागे मागे जात एका हद्दीपाशी थांबतं, आणि त्या हद्दीपलीकडे काय होतं ते अजून कुणालाच माहीत नाही. वाईकरांचं गोमुख सांगितलं. रायचौधुरी, नारळीकर, अष्टेकर ही तीन नावं फळ्यावर लिहिली.

ती बसली नाही. म्हणाली, "सर, हद्दीपलीकडे जर आधीचं विश्व असेल, तर तिथला प्रकाश आपल्यापर्यंत का येत नाही? आणि प्रकाश नाही तर दुसरं काही येईल का?"

पहिल्या भागाचं उत्तर दिलं, की ३ लाख ८० हजार वर्षांपर्यंत विश्व धुक्यासारखं अपारदर्शक होतं, प्रकाश अडकून पडायचा. दुसऱ्या भागाला मी तिच्याकडून महिन्याची मुदत मागून घेतली आहे. तिमिरभेदी, आता तुमच्यावर भिस्त.

तिमिरभेदी

गुरुत्वीय लहरी, म्हणजे जागेतच उठणारे तरंग. त्यांना ते धुकं अडवत नाही. अगदी सुरुवातीच्या लहरींचा ठसा पार्श्वप्रारणाच्या ध्रुवीकरणात (प्रकाशलहरी कुठल्या दिशेने कंप पावतात त्यात) शोधणं चालू आहे, अजून सापडलेला नाही. उसळी झाली असेल तर तो ठसा थोडा वेगळा दिसावा असे हिशेब आहेत. सविस्तर रविवारी लिहितो. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.

खोडदकर

टीव्ही शाळेतच ठेवलाय. आईला सांगून आलोय.